आयपी पत्त्याचा सातबारा

इंटरनेटला जोडलेल्या यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. हॅकिंगचा प्रयत्न असो की स्पॅमचा लोंढा, शोध सुरू होतो तो या आकड्यापासून. टपालाच्या पाकिटावर धाडणाऱ्याने आपला पत्ता लिहिला नाही तरी पत्र पोचते. इंटरनेटवर मात्र उत्तर कुठे पाठवायचे हे कळल्याशिवाय दोन यंत्रांचे बोलणे पुढे सरकत नाही. खोटा पत्ता घालून एकतर्फी मारा करता येतो, पण कुणाच्या सर्व्हरवर पासवर्ड लावून पाहायचा असेल तर तो लागला की नाही हे ऐकण्यासाठी उत्तर परत येईल असा पत्ता द्यावाच लागतो. दारावर कोण येऊन गेले याची सर्व्हर जी वही ठेवतो, ती म्हणजे लॉग.

लॉग दिसायला रुक्ष असतो. तारीख, वेळ, कोणत्या नावाने शिरण्याचा प्रयत्न झाला, तो फसला की साधला, आणि पत्ता: उदाहरणार्थ २०३.०.११३.४५. (हा पत्ता कुणाचाच नाही. पुस्तकांत उदाहरणे देता यावीत म्हणून असे तीन गट मुद्दाम राखून ठेवलेले आहेत.) समजा, अंबाजोगाईच्या एखाद्या महाविद्यालयाने प्रवेशअर्जांसाठी नवा सर्व्हर आज खुला केला. पहिली थाप पडायला फार वेळ लागत नाही आणि रात्रभरात लॉगमध्ये शेकड्यांनी, कधी हजारांनी ओळी साचतात: 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट' अशा नावांनी एकामागून एक पासवर्ड लावून पाहिलेले. यामागे अंबाजोगाईवर कुणाचा दात असतो असे नाही. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण ४२९ कोटी ४९ लाखांच्या घरात आहेत आणि ते ओळीने चाचपत जाणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. अंबाजोगाईचा आकडा त्या ओळीत येतो, एवढेच.

हे प्रोग्रॅम ज्या यंत्रांवरून चालतात त्यांतली पुष्कळशी यंत्रे हॅकरची नसतातच. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने हे जगाला दाखवून दिले. कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक नाव-पासवर्ड त्याच्याकडे होते; तेवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या फौजेने संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या 'डिन' या अमेरिकी कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. बीडच्या बाजारपेठेत दुकानाच्या गल्ल्यावर लावलेला कॅमेरा बसवून देणारा निघून गेला आणि पासवर्ड तोच राहिला, तर तो कॅमेरा दुकानाची राखण करता करता ब्राझीलमधल्या एखाद्या सर्व्हरचे दारही ठोठावत असू शकतो. तिथल्या लॉगमध्ये पत्ता उमटतो तो दुकानदाराच्या कनेक्शनचा.

पत्त्याच्या मागे लागून माणसापर्यंत पोचण्याची पहिली गाजलेली गोष्ट १९८६ ची आहे. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकाच्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक आला. तो जुळवायला बसलेले खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टोल महिनोन्‌महिने माग काढत जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेले. तिथून मार्कुस हेस हा तरुण अमेरिकी लष्करी संगणकांतली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकत होता. स्टोल यांनी त्याला जास्त वेळ लाइनवर ठेवण्यासाठी खोट्या गुप्त फायली रचून ठेवल्या होत्या, तेवढ्या वेळात टेलिफोन कंपनीला तार शोधता यावी म्हणून. पद्धत आजही मुळात तीच आहे: एकेक दुवा धरून मागे जायचे आणि प्रत्येक दुव्यापाशी तिथल्या नोंदी ठेवणाऱ्याची मनधरणी करायची.

आजचा पहिला दुवा म्हणजे नोंदवही. पत्ते सुटे वाटले जात नाहीत. गटागटाने दिले जातात. जगाची वाटणी पाच प्रादेशिक संस्थांकडे आहे, आशिया-प्रशांत भागाची 'एपनिक'कडे, आणि भारतात 'निक्सी'च्या अखत्यारीतली 'आयरिन' ही नोंदणी संस्था २०१२ पासून काम पाहते. कोणता गट कोणत्या कंपनीला दिला आहे हे कुणालाही पाहता येते. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावायला सातबाऱ्याहून सोपे काही नाही. गट नंबर टाकला की खातेदाराचे नाव निघते. पण शेत प्रत्यक्ष कोण कसतो, या हंगामात बटईने कुणाला दिले आहे, हे खातेदाराच्या नावावरून कळत नाही. आयपीच्या सातबाऱ्यालाही पीकपाहणीची बाजू असते, पण ती लोकांसाठी खुली नसते. दूरसंचार कंपनीच्या आतल्या नोंदींत असते आणि कायदेशीर नोटीस आल्यावरच उघडते. पोलीस तिला आयपीडीआर म्हणतात. कॉलच्या तपशिलाला सीडीआर म्हणतात, त्याचे हे भावंड.

इथे पहिली गाठ बसते. पत्ता कायमचा नसतो. ऊसतोडीला गेलेल्या टोळीच्या कोपीसारखे आहे ते: जागा तीच, पण या हंगामात केजचे कुटुंब आणि पुढच्या हंगामात धारूरचे. कोपी कोणती एवढेच विचारून भागत नाही, केव्हा हेही विचारावे लागते. दुसरी गाठ अधिक घट्ट आहे. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले जुन्या पद्धतीचे शेवटचे गट वाटून संपले. मोबाइल तर वाढतच होते. मग कंपन्यांनी एकाच पत्त्यामागे शेकडो, कधी हजारो ग्राहक बसवायला सुरुवात केली; त्यासाठी १००.६४ ने सुरू होणारा एक गट २०१२ मध्ये खास राखून ठेवला गेला. आत प्रत्येकाचा पत्ता वेगळा, बाहेर सगळ्यांचा एक. एका वाड्यात वीस बिऱ्हाडे आणि रस्त्यावर दार एकच, तसे. कोणते बिऱ्हाड हे ओळखायची खूण म्हणजे पोर्ट क्रमांक. एका पत्त्यामागे ६५,५३६ पोर्ट असतात. म्हणून सर्व्हरने पत्त्याबरोबर समोरच्याचा पोर्टही नोंदवावा अशी तांत्रिक शिफारस २०११ पासून आहे. पुष्कळ सर्व्हर आजही तो नोंदवत नाहीत. मग पोलिसांच्या नोटिशीला कंपनीकडून एक नाव येत नाही, मोठी यादी येते. नव्या पद्धतीच्या म्हणजे आयपीव्ही६ च्या पत्त्यांना ही अडचण नाही आणि ते वापरण्यात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. पण जुनी पद्धत अजून शेजारीच नांदते आहे.

पत्त्याइतकीच वेळ महत्त्वाची. जगातले बहुतेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेत नोंद करतात आणि भारताची वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. लॉगमध्ये १४ तारखेचे २०:४० लिहिलेले असेल, तर बीडमध्ये तेव्हा १५ तारखेच्या पहाटेचे दोन वाजून दहा मिनिटे झालेली असतात. तारीखच बदलते. हे साडेपाच तास मिळवायचे राहिले, किंवा कुणी चुकून दोनदा मिळवले, तर नोटिशीचे उत्तर अगदी व्यवस्थित येते. फक्त भलत्याच माणसाचे येते.

पत्ता चुकल्यावर काय होते याचे उदाहरण महाराष्ट्राने २००७ मध्ये पाहिले. ऑर्कुट या तेव्हाच्या लोकप्रिय संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी बदनामीकारक मजकूर टाकला गेला होता. पुणे पोलिसांनी मजकूर टाकणाऱ्याचा आयपी पत्ता मिळवला, दूरसंचार कंपनीला ग्राहकाचे नाव विचारले आणि ऑगस्टच्या अखेरीस बंगळुरूतल्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. पत्ता त्याचा नव्हताच. कंपनीने दिलेली माहिती चुकीची होती. हे उघड होऊन तो सुटेपर्यंत त्याचे सुमारे ५० दिवस येरवडा तुरुंगात गेले. या प्रकरणात तंत्रज्ञान फसले असे म्हणणे सोपे आहे आणि चूकही. फसली ती आकड्याच्या उत्तरावर विसंबून थांबण्याची घाई. त्या उत्तराच्या जोडीला दुसरा कोणताही पुरावा उभा राहिला नसताना बेड्या पडल्या होत्या.

पुरावा न्यायालयात टिकण्याची गोष्ट निघाली की बीडच्या शेजारच्या जालन्याचे नाव घ्यावेच लागते. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी त्यांच्या निवडीला आव्हान दिले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर दाखल झाला, असे त्यांचे म्हणणे होते आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले चित्रीकरण. त्या चित्रीकरणाला पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खालचे प्रमाणपत्र लागते की नाही, हा प्रश्न औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. याचिकाकर्त्याने आटोकाट प्रयत्न करूनही अधिकाऱ्यांनी ते दिले नसल्याने त्या प्रकरणापुरती सूट मिळाली, पण नियम पक्का झाला. आज देशात कुठेही सर्व्हरच्या लॉगची प्रत न्यायालयात ठेवायची, तर जालन्याच्या त्या निकालाची आठवण होतेच. त्याच निकालात इंटरनेट आणि मोबाइल कंपन्यांनी तपासाशी संबंधित नोंदी वेगळ्या काढून सुरक्षित ठेवाव्यात असाही आदेश आहे. निवडणुकीच्या वादात तो कोपऱ्यात राहून गेला. १ जुलै २०२४ पासून ६५ब ची जागा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली. प्रमाणपत्रात आता फाइलचे 'हॅश' मूल्यही लिहावे लागते, म्हणजे लॉगमधला एक आकडा नंतर बदलला तरी लक्षात येते.

आयपी पत्ता नकाशावर दाखवणाऱ्या सेवा हा या साऱ्यातला सर्वांत फसवा भाग. "लोकेशन काढले" असे लोक सहज म्हणतात. मोबाइल टॉवरवरून काढलेले ठिकाण आणि आयपीवरून काढलेले ठिकाण यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर असते. आयपीच्या नकाशावर दिसते ते बहुधा कंपनीचे जाळे जिथे बाहेर उघडते ते शहर. म्हणून पाटोद्यात बसून वापरलेला मोबाइल नकाशावर मुंबईत किंवा पुण्यात उमटतो. शहरही कळले नाही, नुसता देश कळला, तर यंत्र काय करते? देशाच्या ढोबळ मध्यावर एक टिंब ठेवते. 'मॅक्समाइंड' ही या व्यवसायातली जुनी अमेरिकी कंपनी. अमेरिकेसाठी तिने ३८ उत्तर, ९७ पश्चिम हा सोयीचा पूर्णांक निवडला होता. तो बिंदू कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळच्या एका शेतावर पडला. ठिकाण न कळलेले तब्बल ६० कोटी पत्ते या शेताच्या नावावर जमा झाले. पोलीस, कर विभागाची माणसे आणि फसवले गेलेले संतापलेले लोक वर्षानुवर्षे त्या घराचे दार वाजवत राहिले. २०१६ मध्ये एका पत्रकार महिलेने हे उलगडल्यावर कंपनीने ते टिंब उचलून एका जलाशयात नेऊन टाकले.

भारताचे टिंब कुठे होते? त्याच कंपनीच्या यादीत २० उत्तर, ७७ पूर्व. नकाशा काढून पाहिला तर हे ठिकाण महाराष्ट्रातच येते: वाशीमच्या नैर्ऋत्येला अठरा-वीस किलोमीटरवर, रिसोडच्या अलीकडे, बीडपासून सरळ रेषेत सुमारे १७० किलोमीटर. परदेशातल्या एखाद्या सर्व्हरचालकाने "भारतातला हल्लेखोर" शोधायला नकाशा उघडला, की त्याला वऱ्हाडातले सोयाबीन-तुरीचे शिवार दिसायचे. पुढे हे टिंब मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे सरकले. कॅन्ससच्या वाट्याला आले ते वाशीमच्या वाट्याला आले नाही, बहुधा एवढ्याचसाठी की इतक्या दूर येऊन दार वाजवणे कुणाला परवडणारे नव्हते.

स्पॅमविरुद्ध पत्त्याचा उपयोग मात्र निराळा आहे आणि तो जास्त यशस्वी झाला. पहिला स्पॅम मानला जाणारा संदेश ३ मे १९७८ चा: 'डेक' या संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या जवळपास चारशे जणांना एकगठ्ठा जाहिरात पाठवली. वीस वर्षांत ही डोकेदुखी एवढी वाढली की १९९७ मध्ये पॉल विक्सी यांनी स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची काळी यादी सुरू केली. १९९८ मध्ये लंडनमध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी 'स्पॅमहाउस' उभे केले. यादी तपासण्याची युक्ती सुरेख आहे. ईमेल घेऊन आलेल्या यंत्राचा पत्ता सर्व्हर उलटा करतो, २०३.०.११३.४५ चा ४५.११३.०.२०३, त्यापुढे यादीचे नाव जोडतो आणि संकेतस्थळाचे नाव शोधतात त्याच यंत्रणेला विचारतो. उत्तर १२७.०.०.२ असे काही आले, तर पत्ता यादीत आहे. 'असे नाव नाही' आले, तर पाहुणा आत. इंटरनेटचे नामकोश जिथे होते तिथेच पोलीस पाटलाची वही ठेवून दिली.

इथे गुन्हेगार कोण हे कुणी विचारत नाही. या दारातून घाण येते, दार बंद, एवढेच ठरते. म्हणून आयपीच्या मर्यादा इथे आड येत नाहीत. भरडले जातात ते शेजारी. समजा, माजलगावातल्या एखाद्या जिनिंगच्या कार्यालयातला संगणक व्हायरसने पछाडला आणि रात्रीतून हजारो ईमेल ओकू लागला. पत्ता यादीत गेला. उद्या तोच पत्ता कंपनीने दुसऱ्या ग्राहकाला दिला, तर त्याची साधी बिलेही परत येऊ लागतात आणि कारण त्याला कळत नाही. शिवाय काही याद्यांत घरगुती कनेक्शनांचे गटच्या गट असतात. तो आरोप नसतो. घरातून ईमेल थेट न जाता कंपनीच्या सर्व्हरमार्फत जावे, एवढाच त्याचा अर्थ. यादीतून नाव काढता येते, पण आधी संगणक साफ करावा लागतो. नाहीतर ते पुन्हा चढते. याद्या चालवणाऱ्यांवर सूडही उगवला जातो: मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउसवर त्या काळातल्या सर्वांत मोठ्या माऱ्यांपैकी एक झाला, तोही खोटे पत्ते घालून.

काळी यादी आणि हल्ल्याचा आरोप यांची गल्लत किती सहज होते, ते १२ ऑक्टोबर २०२० च्या प्रकरणात दिसले. त्या सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, पुरवठा पूर्ववत व्हायला काही तास लागले. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी 'रेकॉर्डेड फ्युचर' या अमेरिकी संस्थेचा अहवाल गाजला: 'रेडएको' नाव दिलेल्या, चीनशी संबंध जोडलेल्या गटाने भारतीय वीज क्षेत्रातल्या संस्थांना लक्ष्य केले होते. गटाचे सर्व्हर आणि भारतातले पत्ते यांच्यातली वाहतूक पाहून तो निष्कर्ष काढलेला होता. मुंबईच्या अंधाराशी संबंध सिद्ध झाल्याचे त्या संस्थेने म्हटले नव्हते. मार्चच्या आरंभी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख आणि ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी महाराष्ट्र सायबरचा अहवाल मांडला. वीज मंडळाच्या सर्व्हरमध्ये १४ 'ट्रोजन' म्हणजे छुपे घातक प्रोग्रॅम शिरवले गेले असावेत, ८ जीबी बेहिशेबी माहिती आली असावी आणि काळ्या यादीतल्या पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न झाले, असे त्यात होते. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र वीज मानवी चुकीमुळे गेली असे सांगितले. परळीच्या औष्णिक केंद्रापासून मुंबईच्या उपकेंद्रापर्यंत सगळे एकाच ग्रिडला टांगलेले असल्याने प्रश्न बीडलाही परका नव्हता. पण महाराष्ट्र सायबरच्या त्या तीन मुद्द्यांतला तिसरा सर्वांत हलका आहे. काळ्या यादीतल्या पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न इंटरनेटवर उघड्या असलेल्या कोणत्याही सर्व्हरवर होतातच. वजन असते ते फसलेल्या शेकडो प्रयत्नांनंतरच्या एका साधलेल्या ओळीला, आणि त्यानंतर आतून बाहेर काय गेले याला.

आकडेवारीही याच नजरेने वाचावी लागते. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यातल्या चकमकीनंतर महाराष्ट्र सायबरने पाचेक दिवसांत ४० हजारांवर प्रयत्न झाल्याचे सांगितले. बरेच पत्ते चीनमधल्या चेंगडूकडे बोट दाखवत होते. मे २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतरच्या घडामोडींवर त्याच विभागाचा 'रोड ऑफ सिंदूर' अहवाल आला: सुमारे १५ लाख हल्ले, त्यांपैकी १५० यशस्वी. मथळ्यात १५ लाख झळकले. कामाचा आकडा १५० हा होता.

पैसा गेला की पत्त्याची मर्यादा आणखी स्पष्ट होते. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसून हल्लेखोरांनी बनावट कार्डांवर २८ देशांतून पैसे काढले. दोन दिवसांनी 'स्विफ्ट' या बँकांच्या संदेशयंत्रणेमार्गे सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळवले. एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. बँकेच्या यंत्रणेत घुसणारे हात समुद्रापलीकडे होते आणि पत्त्यांची साखळी वाटेत अनेक देशांच्या हद्दी ओलांडत होती. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले, ते मात्र कोल्हापूरसारख्या ठिकाणी एटीएमसमोर प्रत्यक्ष उभे राहून नोटा काढणाऱ्या टोळीतले. त्यांच्यापर्यंत पोचायला एटीएममधला कॅमेरा आणि मोबाइलच्या नोंदी आयपीपेक्षा जास्त उपयोगी पडल्या.

म्हणून बीडच्या सायबर पोलिसांकडे येणाऱ्या तक्रारीतही आधी पैसा पकडायचा असतो, पत्ता नंतर. १९३० या मदत क्रमांकावर फोन लावल्यावर पहिली धडपड रक्कम पुढच्या खात्यात गोठवण्याची असते, कारण ती तासाभरात चार-पाच खाती ओलांडते. पत्ता तेवढा चंचल नसतो, नोंदी शाबूत असेपर्यंत. त्या शाबूत राहाव्यात म्हणून 'सर्ट-इन' या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले: घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे, लॉग १८० दिवस भारतात जपायचे, आणि सर्व्हरची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची. घड्याळाचे ते कलम कुणाच्या फारसे नजरेत भरले नाही. दूरसंचार कंपन्यांना डिसेंबर २०२१ पासून आयपीडीआर किमान दोन वर्षे ठेवावे लागते. दोन मुदतींतला हा फरक तपासात नेमका आडवा येतो. सातव्या-आठव्या महिन्यात तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या बाबतीत कंपनीकडे कोणत्या मिनिटाला कोणता पत्ता कुणाकडे होता याची नोंद अजून असते. पण कोणता पत्ता विचारायचा हे सांगणारी सर्व्हरची ओळ तोवर पुसलेली असू शकते.